कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांची उभारी : सोलापुरातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णांना पुन्हा चालते-फिरते करण्याचे काम सोलापुरात करताना आम्हाला नातेवाईक जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. शस्त्रक्रिया बार्शीला झालेली असो, सिव्हिलमध्ये झालेली असो की पुण्या-मुंबईला, घरी आल्यावरच्या अडचणी बहुधा सारख्याच असतात. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत; आपल्या रुग्णाबाबत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

वडील ७६ वर्षांचे आहेत. या वयात ऑपरेशन झेपेल का?

केवळ जन्मतारीख पाहून याचे उत्तर देता येत नाही. शस्त्रक्रिया हा शरीरावर अचानक येऊन पडणारा मोठा खर्च असतो आणि तो भागवण्यासाठी हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे व स्नायू यांच्याकडे रोजच्या गरजेपलीकडची शिल्लक किती आहे, यावर बरेच काही ठरते. वय वाढते तशी ही शिल्लक सर्वांचीच घटते. मात्र ती सारख्या वेगाने घटत नाही. सिद्धेश्वर तलावाला रोज फेरी मारणारा ७८ वर्षांचा निवृत्त गिरणी कामगार आणि एक जिना चढताना दोनदा थांबणारा ६६ वर्षांचा गृहस्थ यांच्यात शस्त्रक्रिया अधिक सुखरूप कोणाची होईल, हे वयाच्या आकड्यावरून सांगायला गेल्यास चूक होण्याचीच शक्यता अधिक.

अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वार्धक्यातील दुर्बलतेच्या पाच खुणा मांडल्या : वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, सततचा थकवा, मंदावलेली चाल, मुठीची ढिली पकड आणि एकूणच कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा असतील तर ती व्यक्ती दुर्बल आणि एक-दोन असतील तर उंबरठ्यावर, असे मानले जाते. घरी करून पाहण्यासारखी एक सोपी चाचणीही आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ते मोबाइलवर मोजावे. शेजारी आधाराला कोणीतरी उभे असावे. बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. असे निष्कर्ष आले म्हणून शस्त्रक्रिया नाकारायची नसते, परंतु तयारी अधिक करावी लागते आणि ही माहिती शल्यविशारद व भूलतज्ज्ञ या दोघांनाही आधी द्यावी लागते.

उभारी धरणे हा मुळात मनाच्या जिद्दीचाच भाग नाही का?

काही अंशी आहे, पण ‘जिद्द ठेवा’ हे वाक्य आम्हाला फारसे आवडत नाही, कारण ते बोलणाऱ्याला मोकळे करते आणि सगळा भार आजाऱ्यावर टाकते. ज्यांचे हिमोग्लोबिन आठ आहे, ज्यांना रात्रभर झोप नाही आणि ज्यांच्या पोटात तीन दिवस धड अन्न गेलेले नाही, त्यांच्याकडे जिद्द कितीही असली तरी पाय उचलत नाहीत. धक्का बसल्यावर पुन्हा पूर्वपदाच्या जवळ येण्याची क्षमता, म्हणजेच उभारी, ही स्नायूंची ताकद, आहार, झोप, वेदनेवरचे नियंत्रण, मन आणि घरातील माणसे या सर्वांनी मिळून बनते. यांतील बहुतेक गोष्टींत हात घालता येतो, हेच तिचे महत्त्व.

मनाचा वाटा मात्र नाकारण्यासारखा नाही. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली असे आढळले. दृष्टीमुळेच आयुष्य वाढले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरीही आजीच्या कानावर पडेल अशा आवाजात ‘आता वय झालं, किती दिवस राहिलेत’ असे भेटीला आलेल्यांनी बोलू नये, इतका बोध घ्यायला हरकत नसावी.

ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. तोवर त्यांना पूर्ण विश्रांती देऊ का?

विश्रांती देऊ नये. आमच्या मते घरच्यांच्या हातात असलेला सर्वांत मोलाचा काळ हाच आहे आणि ‘आता दमवायला नको’ या मायेपोटी तो बहुतेक घरांत वाया जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे देखरेखीखालचा व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि गरजूंना धूम्रपान सोडण्यासाठी मदत असा कार्यक्रम राबवल्यावर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शंभरात सुमारे तीसवरून सतरावर आले. घरी तसा कार्यक्रम जसाच्या तसा राबवता येणार नाही. तरीही दिशा तीच ठेवता येते. रोज दोन वेळा, दम थोडा लागेल पण बोलता येईल इतपत वेगाने चालावे. दिवसातून काही वेळा खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करावा, कारण शस्त्रक्रियेनंतर संडासातून एकट्याने उठता येणे यावरच पुष्कळ काही अवलंबून असते.

फुफ्फुसांच्या व्यायामासाठीचे, तीन छोट्या चेंडूंचे श्वासाचे यंत्र (स्पायरोमीटर) आधीच घरी आणून शिकून घ्यावे. ते फुंकायचे नसून त्यातून हवा आत ओढायची असते. दहापैकी निम्मे रुग्ण तरी पहिल्या दिवशी ते बासरीसारखे फुंकताना दिसतात.

तंबाखू आणि मिश्री यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. निदान चार आठवडे आधी सोडता आली तर उत्तम. पण तेवढा वेळ हाती नसला तरी आज सोडल्याचा लाभ होतोच, कारण जखम भरण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा निकोटिनमुळे आक्रसतो. घरातील वयस्कर स्त्रिया मिश्रीला व्यसनात धरत नाहीत, त्यामुळे ‘काही व्यसन आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर येते. डॉक्टरांना ती आपणहून सांगावी. रक्तक्षय, साखर आणि किडलेले दात यांकडेही याच काळात पाहून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये आणि तयारीच्या नावाखाली शस्त्रक्रियेची तारीखही मनाने पुढे ढकलू नये.

आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा द्यायचे नाही ना?

पूर्वी तसे सरसकट सांगत. आता बहुतेक रुग्णांना भूल देण्यापूर्वी सहा तासांपर्यंत हलके अन्न आणि दोन तासांपर्यंत पाणी किंवा साखरेचे पाणी चालते, असे मानले जाते. अन्ननलिकेचा वा जठराचा अडथळा असेल तर हा नियम बदलतो, म्हणून भूलतज्ज्ञांना नेमकी वेळ विचारून कागदावर लिहून घ्यावी.

दुसऱ्याच दिवशी पलंगावरून उठवतात. टाके तुटणार नाहीत का?

बहुतेक शस्त्रक्रियांनंतर पोटाला उशीचा आधार देऊन, कुशीवर वळून उठल्याने टाके तुटत नाहीत. पडून राहिल्याने होणारे नुकसान मात्र नक्की असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले होते. त्यांना कोणताही आजार नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू घटला. आजारी माणसाची, पोटात अन्न कमी जात असताना, काय अवस्था होत असेल याचा अंदाज यावरून करावा. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. पोटाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गुठळी टाळण्याची इंजेक्शने काही रुग्णांना चार आठवड्यांपर्यंत घ्यायला सांगतात, ती घरी गेल्यावर मध्येच थांबवू नयेत.

आपल्याकडे ‘अंथरूण धरले’ असे म्हणतात, जणू ते आजाराने आपोआप होते. पुष्कळदा ते घरचेच धरायला लावतात. हातात ताट, उशाला तांब्या, पलंगाजवळ भांडे, सर्व काही जागच्या जागी मिळाले की उठायचे कारणच उरत नाही. जेवण खुर्चीत बसून, पाणी स्वतः उठून आणि फेरी दिवसातून तीन-चार वेळा, थोडी थोडी, असे ठेवावे. दुखत असेल तर वेदनाशामक गोळी आधी द्यावी आणि मग उठवावे. वेदना सोसून उठणे म्हणजे शौर्य, अशी कल्पना करून घेऊ नये.

आजोबा ऑपरेशननंतरच्या रात्री भलतेच बोलू लागले. त्यांना वेड लागले का?

नाही. वृद्धांमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत अचानक येणारा हा भ्रम बराच आढळतो. रुग्ण कधी नीट बोलतो, कधी बरळतो. संध्याकाळनंतर त्रास वाढतो, सलाइनची नळी ओढली जाते, भिंतीवर कोणी दिसू लागते. याचाच एक शांत प्रकार असतो, ज्यात रुग्ण नुसता गुंगीत, गप्प पडून राहतो. ‘किती शहाण्यासारखे झोपले आहेत’ असे म्हणून तो हमखास दुर्लक्षिला जातो आणि म्हणून अधिक धोक्याचा ठरतो.

भ्रमामागे बहुधा कारण सापडते : संसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे, झोपेची वा वेदनेची काही औषधे, तसेच रोजची दारू अचानक थांबणे. म्हणून प्रथम नर्स व डॉक्टरांना सांगावे; घरून झोपेची गोळी आणून देऊ नये. अमेरिकेत शॅरन इनूये यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की अशा भ्रमाच्या बऱ्याच प्रसंगांना अगदी साध्या गोष्टींनी आळा घालता येतो. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी घरी सुरक्षित ठेवू नये, रुग्णाच्या अंगावर असू द्यावी. दिवसा पडदा उघडा ठेवावा, रात्री दिवे आणि बोलणे कमी करावे, आज कोणता वार आहे आणि आपण कोठे आहोत हे वाद न घालता सांगत राहावे. सोलापुरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ वृद्ध एरवी उत्तम मराठी बोलतात. भ्रमात मात्र ते आपल्या भाषेत परततात आणि वॉर्डात ‘काहीच समजत नाही’ अशी नोंद होते. त्यांच्या भाषेत बोलणारे घरचे माणूस रात्री जवळ असले, तर निम्मी घालमेल त्यानेच शमते. भ्रम बहुधा काही दिवसांत निवळतो, काहींना मात्र पूर्ण सावरायला आठवडे लागतात.

खिचडी, पेज आणि चहा-बिस्कीट एवढेच देत आहोत. ते पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, सोलापूरसारख्या शेंगा, डाळी आणि ज्वारीच्या मुलखात ही चूक घडावी याचे नेहमी नवल वाटते. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पातळ पेजेतून मिळतात ती जवळजवळ नाहीतच. तेव्हा घट्ट वरण, दही, पनीर, अंडे, खात असतील तर मासे वा चिकन यांपैकी काहीतरी प्रत्येक खाण्यात असावे आणि खाणे दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, असावे. कडक भाकरी दातांना झेपत नसेल तर ती आमटीत वा दुधात चुरून, मऊ होईपर्यंत भिजवून द्यावी. शेंगाचटणी तिखटामुळे चालत नसेल तर बिनतिखटाचे दाण्याचे कूट दह्यात कालवावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेह आहे म्हणून भुकेले ठेवू नये. या काळात साखर औषधाने सांभाळता येते, गेलेला स्नायू परत आणणे त्याहून अवघड असते.

दर आठवड्याला, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करून लिहून ठेवावे. महिन्याभरात वजन शंभराला पाचने उतरले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. जठर पूर्ण काढलेल्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने पुढे कायम घ्यावी लागतात. अशक्तपणा वयावर ढकलण्यापूर्वी ती चुकली नाहीत ना, हे पाहावे.

तोंडाचे ऑपरेशन झाले आहे. तोंड उघडत नाही आणि खांदा दुखतो.

दोन्हींचा संबंध शस्त्रक्रियेशी आहे. जबडा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करावेत. दातांच्या फटीत आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत धरून हळूहळू एकेक काडी वाढवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते आणि किरणोपचार असतील तर हा व्यायाम पुढे बराच काळ चालू ठेवावा लागतो. मानेतील गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस दुखावू शकते, त्यामुळे खांदा उतरतो. तो हात गळ्यात बांधून ठेवल्यास सांधा गोठतो, म्हणून व्यायाम शिकून घ्यावा. नाकातल्या नळीने अन्न देताना रुग्णाला बसवून द्यावे आणि नंतरही अर्धा-पाऊण तास बसवून ठेवावे.

आई विड्या वळते. स्तनाच्या ऑपरेशननंतर ते काम पुन्हा करता येईल का?

सोलापुरात हा प्रश्न वरचेवर येतो. हाताला हलका वापर लागणे वाईट नाही, उलट खांदा मोकळा राहायला त्याची मदतच होते. अडचण वेगळी आहे. काखेतील गाठी काढलेल्या हाताला कायम सूज येण्याचा धोका असतो, आणि तासन्‌तास एकाच जागी मांडी घालून बसण्याने पाठ, गुडघे व खांदा आखडतात. शिवाय तंबाखूची भुकटी श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. घर चालवण्यासाठी काम करणे भाग असेल, तर जखम पूर्ण भरल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने उठत, हवेशीर जागी, पूर्वीपेक्षा कमी विड्यांपासून सुरुवात करावी. त्या हाताला कात्री लागली वा भाजले तर लगेच स्वच्छ करावे. हात लाल, गरम झाला किंवा बांगडी अचानक घट्ट वाटू लागली, तर दाखवून यावे.

शौचासाठी पोटावर पिशवी लावली आहे. उन्हाळ्याची काही वेगळी काळजी घ्यावी का?

होय, विशेषतः पिशवी लहान आतड्याला जोडलेली असेल तर. अशा रुग्णांच्या शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही सतत बाहेर जातात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट झालेली असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडांवर ताण यायला दोन दिवस पुरतात. नुसते साधे पाणी पिऊन मिठाची तूट भरत नाही. जलसंजीवनी किती घ्यायची, ते ठरवून घ्यावे. पिशवी वारंवार पाण्यासारखी भरू लागली, लघवी कमी व गडद झाली किंवा उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पिशवी बदलणे रुग्णाने स्वतः शिकावे, हे सर्वांत चांगले. सत्तरी ओलांडलेली माणसेही ते शिकतात आणि मग लग्नकार्याला, गड्ड्याच्या यात्रेला निर्धास्त जाऊ लागतात.

पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा अधिक. साठीपुढील रुग्णांवर पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालण्याचा वेग सरासरी सहा आठवड्यांत पूर्वीइतका झाला. अंघोळ, कपडे, संडास ही कामे स्वतः करण्याला तीन महिने लागले. बाजारहाट, पैशांचे व्यवहार, स्वयंपाक यांसारख्या कामांना सहा महिने. मुठीची ताकद सहा महिन्यांनंतरही पुरती परतली नव्हती. टाके काढून पंधरा दिवस झाले तरी आजी स्वयंपाकघरात उभी राहत नाही म्हणून घाबरून जाऊ नये. प्रगती सरळ चढत नाही, मध्ये एखादा आठवडा मागे जातो. सलग दोन-तीन आठवडे मागेच जात असेल तर मात्र कारण शोधावे.

शहरात पाणी काही दिवसांआड येते, त्या दिवशी घरात धावपळ असते आणि सवयीने आजी-आजोबाच घागर उचलायला पुढे होतात. भरलेली घागर दहा-पंधरा किलोंची असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे ती उचलू नये, अन्यथा जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो. तांब्या, छोटी बादली, भाजी निवडणे, ही कामे खुशाल द्यावीत.

ते गप्प गप्प असतात. आजाराचे नाव त्यांना सांगितलेले नाही, त्यामुळे असेल का?

असू शकते. रुग्ण बहुधा ओळखतो. ज्या रुग्णालयाच्या फलकावरच कर्करोग लिहिलेले आहे तेथे तपासण्या झालेल्या असतात. मग घरचे त्याच्यापासून लपवतात, तो आपल्याला कळले आहे हे घरच्यांपासून लपवतो आणि दोघेही एकटे पडतात. किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यांनाच विचारावे, हे आमचे मत. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन न लागणे, ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे वारंवार म्हणणे, अन्न नको होणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि म्हातारपणी नैराश्य येणारच, हा समज चुकीचा आहे. त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर त्यांना एकटे सोडू नये.

खर्चासाठी आणि प्रवासासाठी काय मदत मिळते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध झाले आहे. रुग्णालयाच्या विहित दाखल्यावर रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी शयनयान व थ्री एसी डब्यात भाडे पूर्ण माफ करते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत देते. ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. प्रत्येक तपासणीसाठी मुंबई गाठायलाच हवी, असेही नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय १९८२ पासून ग्रामीण रुग्णांसाठी काम करत आहे आणि देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तेथेच सुरू झाली. कोणत्या तपासण्या जवळ करून चालतील, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोणत्या वेळी थांबू नये?

ताप व थंडी, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज व वेदना, अचानक धाप लागणे, सतत उलट्या, पोट फुगून वारा न सरणे, नव्याने सुरू झालेले बरळणे, काळी शौच किंवा रक्त. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

पुढच्या तपासणीला काय न्यावे?

डिस्चार्ज कार्ड, गाठीच्या तपासणीचा अहवाल, सर्व औषधांची पाकिटे (आयुर्वेदिक काढ्यांसह, लपवून न ठेवता), आठवड्यांच्या वजनांची वही आणि आधीच लिहून ठेवलेले तीन-चार प्रश्न. सोबत एकानेच आत जावे. डॉक्टरांनी ‘आजी, कसं वाटतंय?’ असे विचारले, तर उत्तर आजींना देऊ द्यावे.